कॅमेऱ्यावरची टिकली

लॅपटॉप फार तापायला लागला, तेव्हा मी कुपवाडच्या दुरुस्तीवालीकडं गेलो. कॅमेऱ्यावर लावलेली बायकोची टिकली तिनं नखानं अलगद काढून स्वतःच्या मनगटावर चिकटवली.

"सरकार हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालून पाळत ठेवतंय," मी म्हणालो आणि सरकारविरुद्ध संपादकांना लिहिलेली माझी सगळी पत्रं तावातावानं सांगितली. गिऱ्हाईकं ऐकत उभी होती. दुरुस्तीवाली ब्रशनं लॅपटॉपचा पंखा झाडत राहिली.

"काका, ह्यात धुळीबिगर काय दिसत न्हाई. सरकारचं म्हाईत न्हाई, पर आमी समद्यांनी ऐकलं."

टिकली तिनं परत जागेवर लावली. लॅपटॉपवरच्या चिठ्ठीत, नाव न विचारताच, तिनं लिहिलं होतं: टिकलीवाले काका.

एवढी पत्रं लिहून माझी कुठं नोंद झाली असेल, तर ती एवढीच.