दाढदुखीनं माणूस गेलं

मंडळी, आज दुपारी घडलेलं लिहितोय. मी जुन्नरला कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.

आज अकराच्या सुमारास पिंपरी पेंढारचा एक शेतकरी बायकोला मोटरसायकलवर घेऊन आला. तिचं वय तिशीच्या आतलं. हनुवटीखाली दगडासारखी सूज, जीभ वर उचललेली, तोंडातून लाळ गळत होती. आडवी झाली की श्वास अडकत होता.

"दाढ दुखत व्हती सायब, चार दिस झालं," नवरा म्हणाला. "लवंग धरली, लेप लावला. कालपास्नं पाणीबी गिळंना."

दाढेतला पू जबड्याखाली उतरला होता आणि सुजेनं श्वासाची वाट बंद होत चालली होती. तिला बसवूनच ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, पुण्याला न्यायला गाडी मागवली. गाडी यायच्या आत श्वास थांबला. मी गळ्याला छेद देऊन नळी घातली, पण एवढ्या सुजेत श्वासनलिका सापडायलाच वेळ गेला. ती गेली.

नवऱ्यानं एवढंच विचारलं, "दाढंनं मानूस मरतं व्हय, डॉक्टर?"

परवा ती सासूला घेऊन माझ्याकडेच आली होती. गालावर पदर दाबून उभी होती. मी सासूच्या कानातला मळ काढला आणि तिला काही विचारलंच नाही. हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही.

तुमच्या घरात कोण गाल धरून कामं उरकतंय? आज विचाराल का?