मोजपट्टीकाकांचे बटाटे

आमच्या मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेच्या शिपायांना सगळे मोजपट्टीकाका म्हणत. टेबलावरची परीक्षानळी बोटभर सरकली तरी त्यांना चैन पडत नसे. मी तिथे जीवशास्त्र शिकवायचो, आणि माझी नोकरी कायम होणार की नाही, ते त्या दिवशीच्या तपासणीवर ठरणार होतं.

आदल्या दिवशी मुलींनी बटाट्याचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे काही साध्या पाण्यात, काही मिठाच्या पाण्यात ठेवले होते. साध्या पाण्यातले तुकडे पाणी पिऊन वाढायचे, मिठाच्या पाण्यातले आखडायचे. तपासणीच्या बाईंनी तुकडे मोजले. सगळे साडेचार!

मी काकांकडे वळलो. "काका, तुम्ही हात लावलात यांना?"

"लावणार नाही तर काय! तुमच्या पोरींनी कसेही कापलेत. कुठे सव्वापाच, कुठे साडेचार. बाई येणार आणि ही शोभा? छोटे काही वाढवता येईनात, म्हणून मोठे छाटले."

"अहो, तोच तर प्रयोग होता!"

"मग तसं सांगायचं ना, मास्तर! टोकं काय मी टाकलीत थोडीच?"

काकांनी कपाटातून बशी आणली. टोकं ओळीनं, नंबर घालून मांडलेली. बाईंनी हसू दाबत एक टोक त्याच्या तुकड्याला जोडलं आणि पुन्हा मोजलं. बरोबर सव्वापाच!

मी कायम झालो. बाईंचा शेरा अजून माझ्याकडे आहे: "शिक्षक ठीक. शिपायांकडची सुरी काढून घ्यावी."