गच्चीवरची सुरी

कोंबडी कुठली घ्यावी हे गल्लीत कुणाला विचारायचं असेल, तर ते तात्यासाहेबांना. फुलंब्रीकडचा शेतकरी गडी, वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं काढून शहरातच राहिलेला. दर रविवारी ते फकिराच्या दुकानापुढं उभे राहत आणि सून पसंत करायला आल्यासारखे पिंजऱ्यात डोकावत. तुरा लालभडक हवा, डोळा टवटवीत हवा, पायाला जखम नको. कापायची ती डोळ्यांदेखत. मॉलमधल्या थंडगार पाकिटाला ते सरळ मुडदा म्हणत. त्यांनी बोट दाखवलं की मागचे चार जण त्याच पिंजऱ्यातली मागत, आणि तात्यांची छाती इंचभर फुगायची.

त्यांच्या बायकोच्या, साळूबाईंच्या गळ्यात माळ. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत मांस आणायचं नाही. म्हणून गच्चीवर तात्यांची वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळी सुरी, वेगळी लाकडी फळी. दुकानातून आणलेले मोठे तुकडे ते त्या फळीवर लहान करत. रश्शासोबतचा कांदा नि काकडीही तिथंच चिरत, कारण घरातली सुरी वर नेली तर बाटायची. मधे फळीवर तांब्याभर पाणी मारलं की झालं. वीस वर्षं असंच चाललं होतं.

वैशाखातल्या एका रविवारी असंच जेवण झालं आणि सोमवारी रात्री नातीला, सात वर्षांच्या अपेक्षाला, उलट्या-जुलाब सुरू झाले. मंगळवारी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. बुधवारी तात्या तिच्या उशापासून उठले ते तडक फकिराच्या दुकानावर. आठदहा गिऱ्हाइकं उभी होती.

"फकिरा, रोगट माल गळ्यात मारायलास व्हय रे? पोर सलाईनवर हाय माझी!"

"तात्या, तुम्हीच निवडली, तुमच्यासमोरच कापली की."

"तोंड वर करून बोलू नको!"

गिऱ्हाइकं एकेक करत पांगली. तात्यांना जरा बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, रविवारी पोरीनं काय काय खाल्लं?

"चिकन तिनं तोंडालाच लावलं नाही," सून तनुजा म्हणाली. "तिखट लागतं म्हणे. वरणभात खाल्ला आणि काकडी. आम्ही एकदोन फोडी घेतल्या, बाकीची सगळी हिनंच संपवली."

"काकडी कशानं चिरली होती? कच्च्या चिकनच्याच सुरीनं?"

"त्याच सुरीनं, त्याच फळीवर. मधे पाणी मारलं होतं," तात्या म्हणाले.

"चिकन शिजतं, जंतू मरतात. काकडी कोण शिजवतं?"

तनुजानं सासऱ्यांकडं पाहायचं टाळलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर तात्यांना सोपं गेलं असतं.

पोर बरी होऊन घरी आली, सायकलवर बसून अंगणभर हुंदडू लागली. आपल्या हातानं नातीला आजारी पाडलं आणि आपल्याच तोंडानं एका कष्टाळू माणसाच्या धंद्याला आग लावली, याची तात्यांना मात्र मनापासून लाज वाटत होती. पुढच्या रविवारी पाहिलं तर फकिराचे पिंजरे दुपारपर्यंत भरलेले, आणि कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानापुढं बुधवारच्याच गिऱ्हाइकांची ही रांग!

ते फकिराकडं गेले. "चूक माझी होती बाबा. पोरीनं तुझी कोंबडी खाल्लीच नव्हती. माझ्याच सुरीनं घात केला."

फकिरा कोंबड्यांवर पाणी शिंपडत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "मला कशाला सांगता तात्या? माझा माल मला ठाव हाय. ज्यांच्यासमोर बोललाव, त्यांना सांगा."

त्याचं बरोबरच होतं. तात्या कोपऱ्यावर गेले आणि रांगेपुढं उभं राहून सगळं बोलले: फळी, सुरी, काकडी, काहीच लपवलं नाही.

रांगेतला धोंडिबा पुढं झाला आणि त्यानं तात्यांचे दोन्ही हात धरले. "बघा, मन किती मोठं! नात मरता मरता वाचली, तरी गरिबाच्या पोटावर पाय नको म्हणून सारं स्वतःच्या अंगावर घ्यायलेत."

"आरं, खरं सांगतोय मी!"

"व्हय व्हय, तात्या. तुमच्यासारखा माणूस नाय."

"बुधवारी मी नुसता ओरडलो, तवा एकानं तरी पुरावा मागितला का रे?" तात्यांचा आवाज चिरकला. "आज खरं बोलतोय, तर कुणीच ऐकंना!"

बायाबापड्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. रांग दोन पावलं पुढं सरकली.