कुंचीवरचा मोर

आज शेजारी बाळासाठी वेखंड उगाळत होते. तो वास आला आणि आमच्या धोंडूच्या बारशाची सकाळ आठवली.

माझी बहीण काशी सासरहून बाळाची कुंची घेऊन आली होती. नाव आत्याने ठेवायचे, म्हणून तिने 'गजानन' हे आधीच ठरवून टाकले होते. तिला अक्षरओळख नव्हती. मी गेरूने काढून दिलेल्या 'ग'च्या काठीवर तिने लाल रेशमाची वेल चढवली होती आणि वर मोर बसवला होता.

माझी पत्नी बाळाला पदराखाली घेत म्हणाली, "वन्सं, एवढं देखणं नको. आधीची दोन लेकरं गेली, त्यांचीही नावं अशीच देखणी होती. दृष्ट लागते. ह्याला धोंडू म्हणा."

काशीने कुंची माझ्यापुढे धरली. मग मला म्हणाली, "दादा, 'धों' काढून द्या. वाकडा आला तरी चालेल. तुमचा नेहमी येतोच."

कुणाला धड हसूही आले नाही. पाळण्याभोवती बायका जमेपर्यंत ती मोर उसवत बसली. मला ते सारे खूळ वाटले होते, आणि नुसता शीण आला होता.

धोंडू आता कारकुनी करतो. काल त्याच्या कारभाऱ्यांनी माझ्यापाशी त्याची तोंडभर स्तुती केली.

"कसला हुशार! नुसता दगड आहे," मी घाईने म्हणालो.

घरी येऊन हिला माझे ते उत्तरही सांगितले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. माझाही.