मंगळवारचा नळ

भाईंदर पूर्वेला उतरले तेव्हा पिशवीत सतरा कागद होते, यादीप्रमाणे लावलेले. कुसुम आणि मी कराडात भाजणी, मेतकूट करतो. मुंबईच्या दुकानांसाठी इथे गाळा (छोट्या कारखान्याची खोली) घेतला होता. परवान्याची तपासणी महिनाअखेरपर्यंत झाली नाही, तर मालक तो दुसऱ्याला देणार होता. कुसुमच्या सुनेचं बाळंतपण, म्हणून मी एकटीच आले.

पोचले त्याच दिवशी, मंगळवारी, निरीक्षक आले. सतराही कागद पाहिले आणि नळ सोडला. कोरडा.

"पाणी काल येऊन गेलं, साहेब," शेजारच्या गाळ्यात प्लास्टिकचे डबे बांधणाऱ्या शांताबाई म्हणाल्या. मूळच्या परभणीच्या. "तीन दिवसांतून एकदाच येतं."

"तपासणीला पाण्याचा नमुना याच नळाचा लागतो," निरीक्षक म्हणाले.

"मग परवा याल?" मी विचारलं.

"माझा भाईंदरचा वार मंगळवार, बाई. परवा दुसरं गाव."

मी कॅलेंडर काढलं. पाण्याच्या दिवसांना गोल, मंगळवारांना फुली. दोन्ही एका चौकोनात दोन आठवड्यांनी येत होते. त्यानंतर थेट पुढच्या महिन्यात. चटई आणि स्टोव्ह विकत घेऊन गाळ्यातच राहिले.

दुपारी फिरायचे. मीरा रोडला नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांतली वाळत घातलेली लुगडी पाहत उभी राहायचे. एकदा शेअर रिक्षाने जवळच्या मुर्धा गावात गेले. तिथे बावखलावर (पावसाचं पाणी साठणाऱ्या तळ्यावर) धुणं धुणाऱ्या बाईला सगळी हकीकत सांगून टाकली.

ती हसली. "पानी पायजे ना? ह्ये काय हाय! भर बाटली, कोन बगतंय?"

बाटली भरली नाही. पण वहीत नोंद केली : आज बोललेली वाक्यं नऊ. एरवी चार असत, त्यातली दोन रिक्षावाल्याशी, हिंदीत.

ठरलेल्या मंगळवारी साडेनऊला नळ आला. माझा गाळा पाइपाच्या टोकाला. बाकीचे भरू लागले की माझी धार बारीक होई. दहाला ती करंगळीएवढी झाली. निरीक्षकांचा पत्ता नव्हता.

"येतोय का नाय तुमचा साहेब?" शांताबाईंनी डोकावून विचारलं आणि उत्तराआधीच बोळात गेल्या.

"ए भाई, नल बंद करो सब! मॅडमचं सरकारी काम हाय!"

"और हमारा पानी?" एका गाळ्यातून आवाज आला.

"एक दिन मत नहाओ! वैसे भी तुमको कौन सूंघता है!"

बोळात हशा पिकला. मग एकेक नळ बंद झाला. माझी धार अंगठ्याएवढी झाली.

निरीक्षक पावणेअकराला आले. बाटली भरली, सील केली, पावती फाडली. दहा मिनिटांत पाणी गेलं. बोळातून जाताना दाराशी ठेवलेले हंडे दिसले, बहुतेक अर्धेच.

कराडला पोचल्यावर कुसुमने आधी पावती पाहिली, मग विचारलं, "माणसं कशी होती गं तिथली?"

मी वही उघडली. सतरा कागदांची यादी, पाण्याच्या वेळा, दिवसागणिक वाक्यं, सगळं होतं. नाव मात्र एकच, शांताबाईंचं. बाकीच्यांना मी विचारलंच नव्हतं.