उखाण्याचा एकच टेक

समलिंगी मुलामुलींच्या वयात येण्यावर विनोदी चित्रपट काढून पोट भरत नाही, हे माझी मुक्ताताई कित्येक वर्षं नेटाने सिद्ध करते आहे. परदेशातल्या महोत्सवांत तिचं कौतुक होतं आणि बंगळूरला मल्लेश्वरमच्या घरी बाबा तिला बँकेच्या परीक्षेच्या जाहिराती कापून देतात. याचा तिला संताप येत नाही, म्हणून तिच्या वाटचाही मीच करतो! (मी समलिंगी हक्कांच्या चळवळीत आहे. आमच्याकडे संताप हे पूर्णवेळ काम असतं.)

गेल्या चैत्रात तिच्या नव्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग राहिला होता. हळदीकुंकवात कॉलेजातली नायिका उखाण्यात चक्क शेजारी बसलेल्या आपल्या मैत्रिणीचं नाव घेते! हा प्रसंग फसला तर चित्रपट गेला. कॅमेरा उसना, संध्याकाळी परत द्यायचा. गर्दीला नट्या परवडत नव्हत्या, म्हणून ताईने आईच्या मंडळातल्या खऱ्याखुऱ्या मावश्याच बोलावल्या. कैरीची डाळ खरी, पन्हं खरं, हळदकुंकू खरं!

मी हादरलो. "अगं, या बायका गोंधळ घालतील! आधी मी त्यांच्याशी बोलतो."

"तू बोललास की त्या उठून घरी जातील," ताई म्हणाली. "स्वयंपाकघरात थांब आणि पन्हं ढवळ."

ढवळत होतो, पण डोळा दाराच्या फटीला. मंगलमावशींचा चेहरा मला मुळीच पुरोगामी वाटेना. शेजारच्या शांतक्का तर पहिल्यापासून डोळे वटारून बसलेल्या. (चष्मा घरी राहिला होता, हे नंतर कळलं.) इकडे माझं मनातल्या मनात भाषण सुरू!

"अगं, नाव घे ना! लाजतेस काय?" मंगलमावशींनी नायिकेला टोचलं.

तिने मान वर केली :

"कैरीच्या डाळीला फोडणी दिली हिंगाची,
नंदिनीचं नाव घेते, पर्वा नाही जगाची!"

मंगलमावशी ताडकन उठल्या! मागोमाग शांतक्का उठल्या! झालं, आता पोरीच्या अंगावर जाणार! हातातल्या डावासकट मी बाहेर उडी घेतली.

"थांबा! हे इथे चालणार नाही! खबरदार!"

मंगलमावशींच्या हातात कुंकवाचा करंडा होता.

"अरे, दोघींना कुंकू लावायला उठले मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या ताईने अख्खी गोष्ट सांगितलीय आम्हाला फोनवर. तुला नाही सांगितली?"

"स्वल्प बाजूला हो रे," शांतक्का म्हणाल्या. "पन्हं सांडतंय सतरंजीवर."

मला कोपराने ढकलून मावश्यांनी दोघींना कुंकू लावलं, मगच कॅमेरा थांबला. पुन्हा टेक घेतला. पण आता सगळ्या मावश्या अभिनय करू लागल्या! एकीने पदराने डोळे टिपले, दुसरी कॅमेऱ्यात बघून हसली, मंगलमावशींनी तर स्वतःचाच उखाणा घुसडला. उजेड गेला, कॅमेराही गेला. ताई भिंतीला टेकून बसली. ती मला शिव्या देईना, तेव्हा मात्र मी घाबरलो.

शेवटी तिने माझाच टेक ठेवला. चित्रपटात आता मुलगी प्रेमाची कबुली देते आणि एक दाढीवाला इसम डाव परजत ओरडतो, "हे इथे चालणार नाही!" मावश्या त्याला कोपराने ढकलतात आणि दोघींना कुंकू लावतात. पहिल्याच खेळाला मावश्यांना टाळ्या, मला हुर्यो!

बाहेर पडताना एका मुलीने मला अडवलं आणि हातात एक पत्रक ठेवलं.

"दादा, चिडू नका. घरी जाऊन शांतपणे वाचा. तुमचंही मन बदलेल."

वाचायची गरजच नव्हती. ते मीच लिहिलं होतं!