ऐकून घेणारं मशीन

डेपोत त्याला सगळे सावकाश म्हणत. बस तो अशी चालवायचा, की मागच्या सीटवर पेंगणाऱ्याची झोप मोडू नये. एखादा प्रवासी घड्याळाकडे बघत कुरकुरला की कंडक्टरच सांगे, "साहेब, ही गाडी पोचते. कधी, ते विचारू नका." पण एवढ्या वर्षांत अपघात नाही की तक्रार नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याला त्याची स्तुती करणारा एक फ्रेम केलेला कागद मिळाला. तो त्याने घरी नेऊन बायकोच्या हातात दिला. तिने मोठ्याने वाचला, दोन विशेषणं पदरची घालून.

कारण सावकाशला वाचता येत नव्हतं.

आकडे येत. आकड्यांवरच तर पोट होतं: गाडीचा नंबर, सुटायची वेळ, ड्यूटीचा नंबर. सही तो करत नसे, काढत असे, लहान मूल घराचं चित्र काढतं तशी, दरवेळी एकाच बाजूने सुरुवात करून. अक्षरांशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. लहानपणी घरची परिस्थिती आड आली आणि मोठेपणी लाज. त्यात लाज जास्त चिवट निघाली. परिस्थिती सुधारली तरी ती जागची हलली नाही.

हे एकाच माणसाला ठाऊक होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायकोच्या लक्षात आलं, की नवरा पेपर उघडतो, पण पान काही उलटत नाही. तिने एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या सकाळपासून ती पेपर मोठ्याने वाचायला लागली. तिने वाचायचं, त्याने ऐकायचं आणि मग दोघांनी त्यावर कडाकडा भांडायचं, असा परिपाठच पडला. डेपोतल्या नोटिसा तो घडी घालून खिशातून आणी आणि ती जेवण वाढता वाढता वाचून दाखवी. बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेत कुठेही फॉर्म समोर आला, की ती पुढे होऊन म्हणे, "द्या इकडे, यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!" लोक हसत. मुलगीही हसे. ती मोठी झाली, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, पण तिला कधी संशय आला नाही.

मग बायकोचे डोळे गेले. एकदम नाही. आधी बारीक टाइप गेला, मग मथळे, मग समोरच्या माणसाचा चेहरा. डॉक्टर म्हणाले, साखरेने आतला पडदा खराब केलाय, आहे तेवढं सांभाळू. आता घरात माणसं दोन आणि वाचणारं कुणीच नाही. पेपर बंद करा, असं पेपरवाल्याला सांगायचं दोघांच्याही जिवावर आलं. तो रोज येई, टेबलावर पडे आणि घडी न मोडता रद्दीत जाई.

मुलीने आईच्या फोनमध्ये पुस्तकं वाचून दाखवणारं काहीतरी घालून दिलं. बायकोने एक कादंबरी ऐकली.

"बाईचा आवाज गोड आहे," ती म्हणाली. "पण आपण मध्ये काही बोललो तर तिला काय पत्ता? तिची गाडी आपली चाललीय."

त्यानंतर ती खिडकीशी नुसती बसू लागली. तक्रार करत नव्हती, आणि तेच सावकाशला बघवत नव्हतं. जिने जन्मभर दुसऱ्याला बोलायची पाळी येऊ दिली नाही, ती गप्प बसली की घर खायला उठतं. घरात वाचणारं माणूस हवं होतं आणि ते आता त्यालाच व्हावं लागणार होतं. हे कळायला त्याला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढचं पाऊल टाकायला, कारण शिकायचं तर येत नाही हे कुणाला तरी सांगायला हवं.

अशात एकदा रेडिओवर ऐकलं, की ग्रंथालयात बोलून विचारायचं मशीन बसवलंय. टाइप करायला नको, बटण दाबा आणि बोला. सावकाशचे कान टवकारले. माणसाला सांगायची लाज वाटते. मशीनला कसली लाज?

ग्रंथालय त्याला परकं नव्हतं. बायकोची पुस्तकं आणायचं-पोचवायचं काम इतकी वर्षं त्याच्याकडेच होतं. ती फोनवर नावं सांगून ठेवी, काउंटरवरची बाई गठ्ठा काढून ठेवी आणि तो उचलून आणी. काउंटरच्या पलीकडे मात्र त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

मशीन जिन्याखाली होतं. छातीएवढं उंच, वर पडदा, पडद्यावर माइकचं चित्र. आसपास कुणी नाही असं बघून त्याने बटण दाबलं आणि प्रश्न विचारला, पण इतका पुटपुटत, की मशीनला ओ की ठो कळलं नाही. 'ऐकू आलं नाही, कृपया पुन्हा बोला,' अशी पाटी पडद्यावर उमटली. सावकाशने पाटीकडे बघून विचारात पडल्यासारखी मान डोलावली आणि तो घरी आला.

पुढच्या खेपेला तो मोठ्याने बोलला. "मोठ्या माणसाला वाचायला शिकायचं असेल तर काय करायचं?" आणि बोलून झाल्यावर जीभ चावून पुढे म्हणाला, "शेजाऱ्यासाठी विचारतोय."

मशीनने खालून एक चिठ्ठी बाहेर काढली. तिच्यावर अक्षरं होती आणि अक्षरांखाली एक आकडा. आकडा म्हटल्यावर सावकाशला कुणाची मदत लागणार नव्हती. थांबा शोधावा तसा कपाटांवरचे नंबर बघत तो बरोबर त्या फळीपाशी पोचला. पुस्तकाच्या कव्हरवर कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून दोन गृहस्थ एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. मशीनने शेजारी तेवढा नेमका उचलला होता आणि शेजाऱ्यांच्या भांडणावरचं कायद्याचं पुस्तक काढून दिलं होतं. मशीनशीही खोटं बोललं की फळ मिळतं, हे सावकाशला पटलं.

तिसऱ्या खेपेला त्याने शेजाऱ्याला घरी ठेवलं. या वेळी हाती आलेल्या जाडजूड पुस्तकावर मोठी माणसं बाकांवर बसली होती आणि एक जण फळ्यापाशी उभा होता. त्याचा जीव भांड्यात पडला. बायकोचं कार्ड आणि पुस्तक त्याने दाराजवळच्या यंत्रावर ठेवलं, यंत्र टुणकन वाजलं, आणि पुस्तक पिशवीत घालून तो निघाला. घरी ते लपवायला काही कष्ट पडले नाहीत, टेबलावर उघडं ठेवलं तरी चालत होतं. ते त्याला फार लागलं.

पुस्तक होतं शिक्षकांसाठी. प्रौढांना वाचन कसं शिकवावं, याबद्दल पानंच्या पानं बारीक छपाई. मशीनचं काही चुकलं नव्हतं. विचारलं ते त्याने अचूक शोधून दिलं होतं, फक्त ते वाचावं लागत होतं. सावकाश रोज दुपारी पुस्तक उघडून बसे आणि अक्षरांकडे बघे. मुदत संपली की परत करी आणि तेच पुन्हा घेई. परत करून रिकाम्या हाताने येणं म्हणजे हात टेकणं, आणि तेवढं त्याला करायचं नव्हतं.

इकडे मशीनही स्वस्थ बसलं नव्हतं. कोण काय नेतं याचा हिशोब ठेवून कुणाला काय आवडेल हे सुचवायचं, हेही त्याचं काम. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा नेतोय, त्या अर्थी हा कुणी तळमळीचा शिक्षक असणार, असा त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे निष्कर्ष काढला. कार्ड बायकोचं असलं तरी त्यावर फोन नंबर सावकाशचा होता. एका सकाळी फोन वाजला आणि रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, "आपली आवड लक्षात घेऊन ग्रंथालय आपल्याला प्रौढ वाचनवर्गाच्या बैठकीला बोलावत आहे. शनिवारी सकाळी, पहिला मजला."

सावकाश फोन हातात धरून उभाच राहिला. मशीनला कळलं! कुणाजवळ वाच्यता न करता त्याने गुपचूप वर्ग भरवला. असा समंजसपणा त्याने माणसांतही फारसा पाहिला नव्हता.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. शाळेत जायचं म्हणून चष्माही लावला. खोलीत दहा-बारा जण होते. तो दाराजवळची खुर्ची धरून बसला. काउंटरवरची बाईच पुढे उभी होती. त्याला बघून ती खुलली.

"काका, तुम्ही? वा! काकू कशा आहेत?"

"ठीक आहेत," तो म्हणाला.

बाईने सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितलं. पहिल्या रांगेतली पांढऱ्या केसांची बाई उठून म्हणाली, की ती एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि तिने जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. सावकाश थक्क झाला. वाचता येत नसताना बाईने एवढी नोकरी निभावली! त्याच्या बसपेक्षा हे काम कठीण. तिच्याबद्दल त्याला एकदम आपुलकी वाटली. पण पुढचा तरुण म्हणाला, मी कॉलेजात शिकवतो. त्याच्या पुढची म्हणाली, मी शिकवण्या घेते. मग हळूहळू सावकाशच्या लक्षात आलं. इथे सगळे शिकवायला आले होते.

दार हाताच्या अंतरावर होतं. तो उठणार, एवढ्यात बाईने एक कागद त्याच्यापुढे धरला.

"काका, तुमचा आवाज मोठा आहे. वर्गाचे नियम एवढे सगळ्यांना वाचून दाखवता का?"

"चष्मा विसरलो," तो सवयीने म्हणाला.

कुणीतरी हसलं. बाईही हसली. "काका, डोळ्यांवर आहे की!"

सावकाशने चष्मा काढून हातात घेतला. सगळे त्याच्याकडे बघत होते. बायको असती तर एव्हाना पुढे होऊन तिने कागद घेतला असता, काहीतरी चटकदार बोलली असती आणि हसण्यावारी नेलं असतं. पण ती खिडकीशी बसली होती. आणि आज तो इथून उठून गेला, तर ती तिथे तशीच बसून राहणार होती.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने आजवर कधी उच्चारलं नव्हतं. बायकोपुढेही नाही. तिला ते न सांगताच कळलं होतं. आवाज खरोखरच मोठा असल्यामुळे ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं. त्याला वाटलं होतं, आता जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. पंखा फिरत होता.

"म्हणजे हे विद्यार्थी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "बाकीचे कुठायत?"

बाई गोरीमोरी झाली. "अजून कुणी नाव नोंदवलेलं नाही."

"नोंदवायचं कुठे?"

"आमच्या वेबसाइटवर. फॉर्म आहे."

"वाचून भरायचा?"

खोलीतल्या शिकल्यासवरल्या माणसांना हे कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर प्रत्येक जण दुसरीकडे बघू लागला. मग बाई कोरा फॉर्म घेऊन सावकाशच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. "मी विचारते, तुम्ही सांगा, मी लिहिते," ती म्हणाली. मशीनपाशी नेमकं काय काय झालं, तेही तिने विचारून घेतलं. पुढे काही महिन्यांनी त्या मशीनला वाचा फुटली आणि बोलून विचारणाऱ्याला ते बोलून उत्तर देऊ लागलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी फॉर्मवर सही काढून सावकाश घरी आला.

बायको हाताने चाचपत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कुठे होतात एवढा वेळ?"

"ग्रंथालयात. सांगून आलो तिथे."

"काय सांगून आलात?"

"मला वाचता येत नाही म्हणून."

तिचे हात थांबले. "कुणाला?"

"खोलीभर लोक होते. एक हेडबाई पण होत्या. पुढच्या शनिवारपासून शिकायला बोलावलंय मला."

तिने पुढचा टॉवेल घडी घालायला घेतला. तो तिच्यासमोर बसला.

"रागावलीस?"

"बाबा आठवतात तुम्हाला? शेवटच्या आजारात?" ती म्हणाली. "तुम्हाला म्हणाले, जावईबापू, जरा पेपर वाचून दाखवा. तुम्ही उठून बाहेर गेलात."

"आठवतं."

"मला म्हणाले, नवरा गर्विष्ठ आहे गं तुझा. चार ओळी वाचायला कमीपणा वाटतो त्याला. मी ऐकून घेतलं. तसेच गेले ते." तिने हातातला टॉवेल उलगडला आणि पुन्हा तीच घडी घातली. "नाही सांगितलं मी. कुणालाच नाही सांगितलं."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, गुपित आपलं आहे आणि ओझंही आपलंच. त्याने तिचा हात धरला.

"हलकं वाटलं का सांगून?" तिने विचारलं.

"वाटलं."

"मलाही," ती म्हणाली.